केबिन बॅग

विमानप्रवासात काउंटरवर न देता प्रवासी स्वतःजवळ ठेवतो ती बॅग म्हणजे केबिन बॅग. डोक्यावरच्या कप्प्यात किंवा समोरच्या सीटखाली ती मावली पाहिजे, ही तिची पहिली अट. बोलताना हँडबॅग, हँड लगेज, छोटी ट्रॉली अशी नावे सर्रास वापरली जातात. काउंटरवर वजन करून, चिठ्ठी लावून विमानाच्या पोटात जाते ती चेक-इन बॅग.

केबिन बॅगेला माप आणि वजन अशा दोन्ही मर्यादा असतात. त्या प्रत्येक विमान कंपनी स्वतः ठरवते आणि अधूनमधून बदलतेही. जगभर लागू होणारे एकच बंधनकारक माप आजही नाही. त्यामुळे एकदा घेतलेली बॅग आठ-दहा वर्षे, वेगवेगळ्या कंपन्यांच्या विमानांत चालवायची असेल, तर रंग आणि खण पाहण्याआधी तिचे बाहेरचे माप आणि रिकामे वजन पाहावे लागते.

एकशे पंधराचे गणित

भारतात या बाबतीत ११५ हा आकडा रूढ आहे. उंची, रुंदी आणि जाडी यांची बेरीज ११५ सेंटिमीटरच्या वर जाऊ नये, असा हा दंडक. इंडिगो आणि आकासा ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर हे माप देतात, एअर इंडिया ५५ × ४० × २०, तर एमिरेट्स ५५ × ३८ × २२. तिन्ही बेरजा ११५च येतात. इकॉनॉमी वर्गासाठी वजनाची मर्यादा साधारणपणे ७ किलो असते.

पण बेरीज जुळली म्हणजे बॅग चालेलच असे नाही. ५० × ४५ × २० सेंटिमीटरच्या बॅगेचीही बेरीज ११५ होते, तरी ३५ सेंटिमीटर रुंदीच्या मापपेटीत ती उतरणार नाही. विमानतळावर काउंटरजवळ किंवा गेटपाशी जो लोखंडी सांगाडा ठेवलेला असतो, तीच ही मापपेटी. तिच्यात बॅग सहज खाली गेली पाहिजे. गुडघ्याने दाबून बसवावी लागली, तर पैसे भरावे लागण्याची किंवा बॅग काढून घेतली जाण्याची वेळ येऊ शकते.

देशाबाहेर पडले की आकडे आणखी पांगतात. लुफ्थान्साचे माप ५५ × ४० × २३ आणि वजन ८ किलो. एअर फ्रान्सचे ५५ × ३५ × २५. तिथे मोठी बॅग आणि सोबतची छोटी वस्तू मिळून १२ किलो चालतात. ब्रिटिश एअरवेज ५६ × ४५ × २५ आणि तब्बल २३ किलोपर्यंत मुभा देते, मात्र ती बॅग प्रवाशाला स्वतः उचलून कप्प्यात ठेवता आली पाहिजे. अमेरिकन, डेल्टा आणि युनायटेड या मोठ्या अमेरिकी कंपन्यांचे माप २२ × १४ × ९ इंच, म्हणजे सुमारे ५६ × ३६ × २३ सेंटिमीटर आहे आणि देशांतर्गत उड्डाणांत तिथे बॅग सहसा वजनकाट्यावर चढवलीच जात नाही. अमेरिकेतून आलेल्या पाहुण्यांची भरगच्च ट्रॉली मुंबईहून नागपूरसारख्या ठिकाणी जाताना अडते, ती याच कारणाने. बॅग तीच असते, पण इथे काटा ७ किलोंचा असतो.

यातून तरून जाणारे माप शोधायचे, तर प्रत्येक बाजूचा लहानात लहान आकडा घ्यावा: उंची ५५, रुंदी ३५, जाडी २०. वर आलेल्या सगळ्या कंपन्यांच्या पेटीत ही बॅग उतरते. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेने, म्हणजे आयाटाने, जून २०१५ मध्ये नेमके हेच माप 'केबिन ओके' या नावाने सुचवले होते. त्या खुणेची बॅग सर्वत्र स्वीकारली जावी अशी ती कल्पना होती. पण लोकांकडच्या चांगल्या चालणाऱ्या बॅगा एका फटक्यात 'मोठ्या' ठरतील, अशी ओरड विशेषतः उत्तर अमेरिकेत झाली आणि त्याच महिन्यात योजना थांबवावी लागली. योजना मागे पडली तरी माप सोयीचेच आहे, आणि एकच बॅग घेणाऱ्याने ते डोळ्यांसमोर ठेवावे. याला एक ठळक अपवाद कतार एअरवेजचा. तिचे माप ५० × ३७ × २५ आहे. दोह्यामार्गे युरोप-अमेरिकेला जाणारे मराठी प्रवासी पुष्कळ आहेत. त्यांनी या पाच सेंटिमीटरचा विचार खरेदीच्या वेळीच केलेला बरा.

दुकानातले माप आणि घरातले माप

सगळ्यात जास्त फसगत होते ती इथे. बॅगेवर '२० इंच' अशी चिठ्ठी असते. २० इंच म्हणजे जवळपास ५१ सेंटिमीटर, म्हणून माणूस निश्चिंत होतो. पण कित्येकदा हे माप नुसत्या पेटीचे असते. खाली चार-पाच सेंटिमीटरची चाके आणि वर उचलायची मूठ धरली की उंची ५५ ला टेकते, क्वचित ओलांडते. '२२ इंच' हे बाहेरचे पूर्ण माप असले तरी ते ५५.९ सेंटिमीटर होते, म्हणजे अमेरिकेत चालणारी बॅग आपल्याकडे नियमाने बाद. कंपन्या मोजतात ते चाके, मूठ, बाहेरचा कप्पा सगळे धरून.

घरी मोजण्याची साधी रीत अशी. बॅग भरून भिंतीला टेकवून उभी करावी. दांडा आत ढकलावा. वरच्या बाजूला एक जाड पुठ्ठ्याची वही आडवी, भिंतीला काटकोनात धरावी आणि वहीच्या खालच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलने बारीक खूण करावी. जमिनीपासून त्या खुणेपर्यंतचे अंतर म्हणजे बॅगेची खरी उंची. बॅग आडवी करून रुंदी आणि जाडीही तशीच मोजावी. मोजताना बॅग भरलेलीच हवी, कारण कापडी बॅगेचे पोट स्वेटर कोंबल्यावर दोन-तीन सेंटिमीटर सहज पुढे येते. मधली जादा चेन उघडून बॅग मोठी करण्याची सोय असेल, तर ती चेन उघडल्यावर जाडी हमखास मर्यादेबाहेर जाते. ही सोय परतीच्या वाटेवर बॅग चेक-इनला टाकायची असेल तेव्हाच कामाची.

वजन

भारतातल्या प्रवाशासाठी मापापेक्षा वजनाची अट जास्त जाचक ठरते. कडक कवचाची, चार चाकांची केबिन ट्रॉली रिकामीच अडीच ते तीन किलो भरते. सातातून पावणेतीन वजा केले की उरतात सव्वाचार किलो. त्यात जीनची एक पँट साधारण सहाशे-सातशे ग्रॅम, बुटांचा जोड आठशे ग्रॅम ते एक किलो, आणि औषधे, टॉवेल, दाढीचे सामान वेगळे. दोन दिवसांच्या लग्नाला निघालेल्या माणसाची बॅग इथेच भरते. तेच सामान सव्वा किलोच्या पाठपिशवीत घातले तर आणखी दीड किलोची जागा मिळते. म्हणून चाके हवीत की वजन हवे, हा प्रश्न खरेदीआधी स्वतःला विचारावा. ज्यांची पाठ किंवा खांदा दुखतो त्यांनी चाकेच घ्यावीत, पण दोन चाकांची कापडी ट्रॉली पाहावी. ती बहुधा हलकी असते आणि चाके पेटीत अर्धी बुडलेली असल्याने उंचीही वाचते.

सोबत लॅपटॉपची छोटी बॅग किंवा बायकांची पर्स नेता येते. इंडिगोत तिला ३ किलोंपर्यंत मुभा आहे. मात्र नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोचा नियम एका हँडबॅगचा आहे, आणि जानेवारी २०२२ मध्ये त्याची अंमलबजावणी कडक करण्याचे आदेश कंपन्यांना दिले गेले. सुरक्षा तपासणीत एका प्रवाशामागे तीन-तीन नग आले की रांग तुंबते, हे त्यामागचे कारण. मिठाईच्या दुकानाची वेगळी कागदी पिशवी हातात असेल, तर तीही मोजली जाऊ शकते हे धरून चालावे.

वजन करायला घरातला उभे राहायचा काटा पुरतो. आधी बॅग घेऊन उभे राहावे, मग बॅगेशिवाय, आणि वजाबाकी करावी. हुकाला बॅग लटकवायचा छोटा काटाही मिळतो; परतीच्या प्रवासात, खरेदी झाल्यावर, तो फार उपयोगी पडतो.

स्वस्त तिकीट आणि सीटखालची बॅग

युरोपातल्या स्वस्त कंपन्यांचा प्रकार निराळा आहे. तिकिटाच्या मूळ किमतीत फक्त सीटखाली मावणारी बॅग येते. इझीजेटमध्ये ती ४५ × ३६ × २०, रायनएअरमध्ये २०२५ पासून ४० × ३० × २० सेंटिमीटर. डोक्यावरच्या कप्प्यात ट्रॉली ठेवायची तर वेगळे पैसे. युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्ये, व्ह्युएलिंग कंपनीशी संबंधित खटल्यात, वाजवी वजनाचे आणि मापाचे हातसामान हा प्रवासाचा आवश्यक भाग आहे आणि त्यासाठी वेगळे शुल्क लावता येणार नाही, असे म्हटले होते. 'वाजवी' म्हणजे किती, हा वाद तिथून सुरू आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पेन सरकारने हातसामानाच्या शुल्कासह काही प्रथांसाठी पाच कंपन्यांना मिळून १७ कोटी ९० लाख युरोंचा दंड केला. जर्मनीत किंवा आयर्लंडमध्ये शिकायला गेलेल्या मुलांनी सुट्टीत फिरण्यासाठी एक साधी, मऊ, ४० × ३० × २० ची पाठपिशवी वेगळी घेऊन ठेवावी. भारतातून नेलेली ट्रॉली त्या तिकिटावर चालत नाही, आणि गेटवर भरावी लागणारी रक्कम कधीकधी तिकिटाहून जास्त होते.

चाके कधी आली

चाकांच्या बॅगा आज जुन्या वाटतात, पण त्यांचे वय फार नाही. बर्नार्ड सॅडो या अमेरिकी उद्योजकाला १९७२ मध्ये चाकांच्या सूटकेसचे पेटंट मिळाले. ती आडवी बॅग पट्ट्याने ओढायची होती. उभी, दोन चाकांची आणि आत-बाहेर होणाऱ्या दांड्याची बॅग १९८७ मध्ये नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे वैमानिक रॉबर्ट प्लाथ यांनी तयार केली. ती आधी विमान कर्मचाऱ्यांत पसरली आणि मग प्रवाशांत. कप्प्यात बॅग नेण्याची सवय तिथून वाढली, आणि २००८ मध्ये मोठ्या अमेरिकी कंपन्यांनी चेक-इन बॅगेला पैसे लावायला सुरुवात केल्यावर कप्पे आणखी भरू लागले.

महाराष्ट्रात बॅगांचा उद्योग नाशिक जिल्ह्यात मोठा आहे. व्हीआयपीचे कारखाने तिथे आहेत आणि सॅमसोनाइटचा कारखाना इगतपुरी तालुक्यातल्या गोंद्याला. कडक बॅगांचे कवच पॉलिकार्बोनेट, पॉलिप्रॉपिलीन किंवा एबीएस या प्लास्टिकचे असते. पॉलिकार्बोनेट दाबले तर वाकते आणि परत सरळ होते. स्वस्त एबीएस कोपऱ्याशी तडकते. केबिन बॅग मालवाहू पट्ट्यावर आपटत नाही, त्यामुळे तिला फार जाड कवचाची गरज नसते. हलके वजन, मजबूत चेन आणि न डगमगणारा दांडा एवढ्यावर पैसे खर्चावेत.

विमान लहान असेल तर

एअरबस ए३२० मध्ये १८०-१८६ सीट असतात. जुन्या कप्प्यांत प्रत्येकाची ट्रॉली मावत नाही. नव्या, खोल कप्प्यांत बॅगा पुस्तकासारख्या उभ्या कडेवर ठेवता येतात. एटीआर ७२ या पंख्याच्या विमानाचे कप्पे त्याहून लहान असतात. एम्ब्रेअर १४५ मध्ये एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन अशा सीट असतात आणि कप्पे फक्त दोन सीटांच्या बाजूला. लहान विमानतळांवर अशी विमाने येतात. तिथे नियमात बसणारी कडक ट्रॉलीही शिडीपाशी घेतली जाते. मऊ पिशवी मात्र सीटखाली सरकते.

आत काय असावे

१० ऑगस्ट २००६ रोजी ब्रिटनमध्ये द्रव स्फोटकांचा कट उघड झाला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय उड्डाणांत १०० मिलिलिटरच्या बाटल्या आणि त्यांसाठी एक लिटरची पारदर्शक पिशवी हा नियम आला. तूप, मध, श्रीखंड यांची गणतीही द्रव किंवा लेप म्हणूनच होते. मसाल्याच्या डब्यातली मिरचीपूड भारतात केबिनमध्ये चालत नाही. खोबऱ्याच्या वाट्या तेलकट आणि ज्वलनशील म्हणून कोकणातून मुंबईमार्गे जाणाऱ्यांना नाकारल्या जातात. आख्ख्या नारळाबाबत ऑक्टोबर २०२४ ते २० जानेवारी २०२५ या काळात शबरीमलाच्या यात्रेकरूंना तपासणीनंतर केबिनमध्ये नेण्याची खास सवलत दिली होती.

पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या यांच्याबाबत नियम उलटा आहे. त्या केबिनमध्येच न्याव्या लागतात, १०० वॅट-तासांपर्यंत. चेक-इनला त्या टाकता येत नाहीत, कारण विमानाच्या पोटात आग लागली तर कोणाच्या लक्षात येण्याआधी ती वाढू शकते. ज्या बॅगेत चार्जिंगची बॅटरी बसवलेली असते, तिची बॅटरी काढता येत असेल तरच ती बॅग घ्यावी. न निघणारी बॅटरी असलेल्या बॅगा मोठ्या अमेरिकी कंपन्यांनी जानेवारी २०१८ पासून बंद केल्या.

म्हणून बॅगेच्या वरच्या खणात एक छोटी चेनची पिशवी वेगळी ठेवावी: पासपोर्ट, रोजची औषधे, चष्मा, पॉवर बँक, चाव्या. कप्पे भरले आणि गेटवर कर्मचाऱ्याने ट्रॉलीला चिठ्ठी बांधली, की ती पिशवी उचलून खांद्याला लावायची आणि बॅग द्यायची. मागे रांग असते, वेळ अर्धा मिनिटही नसतो, आणि रक्तदाबाची गोळी शोधत जमिनीवर बॅग उघडून बसावे लागत नाही.