ओटीपी दिला नाही म्हणजे पैसे सेफ? नाही हो

"ओटीपी कुणाला सांगू नका, मग खात्याला कोणी हात लावू शकत नाही" हे इतकी वर्षं ऐकतोय की खरंच वाटायला लागलंय. पहिला अर्धा भाग बरोबर, दुसरा चूक.

व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, आरटीओचं चलान, बँकेचं केवायसी अशा नावाने एपीके फाइल (म्हणजे अँड्रॉइड फोनवर ॲप इन्स्टॉल करणारी फाइल) येते, आणि बऱ्याचदा ओळखीच्याच नंबरवरून, कारण त्या ओळखीच्याचा फोन आधीच हॅक झालेला असतो. ती इन्स्टॉल करून एसएमएस, ॲक्सेसिबिलिटी (ॲपला स्क्रीन वाचू द्यायची, बटणं दाबू द्यायची परवानगी) सगळ्याला धडाधड अलाव केलं की ओटीपी सांगायची गरजच काय, समोरचा भामटा मेसेज स्वतःच वाचतो, स्क्रीन बघतो, बटणंसुद्धा दाबतो. (पत्रिका म्हणजे फोटो नाहीतर पीडीएफ, ती इन्स्टॉल कशाला करायची हे कुणाला सुचतच नाही!) वर आयकॉन लपतो, आपल्याला वाटतं फाइल बिघडलेली होती.

असं झालं तर आधी वायफाय, डेटा बंद करा. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कॉल. पासवर्डही दुसऱ्याच फोनवरून बदला, त्याच फोनवर नवा टाकलात तर तोही त्यालाच दिसणार. आलेल्या मेसेजचे फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवा, तक्रारीला लागतात, मगच फॅक्टरी रिसेट.

आणि लाजेपोटी दोन दिवस गप्प बसू नका, कारण आरबीआयच्या २०१७ च्या नियमात आपल्या चुकीने गेलेलं नुकसान बँकेला कळवेपर्यंत आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं.