कल्चरचा रिपोर्ट लगेच का मिळत नाही?

"सीबीसी संध्याकाळी देता, मग कल्चरला तीन दिवस कशाला?" आमच्या लॅबच्या काउंटरवर हा प्रश्न रोजचाच.

सीबीसी या रक्ताच्या तपासणीत मशीन पेशी मोजतं. कल्चरमध्ये जंतू आधी वाढवावा लागतो. लघवीचा नमुना प्लेटवर लावून ३५ ते ३७ अंश सेल्सिअसला १८ ते २४ तास ठेवतो. जंतू उगवला की तो कोणता ते ओळखायचं आणि कोणतं अँटिबायोटिक त्याला रोखतं ते तपासायचं. यात आणखी एखादा दिवस जातो. रक्ताच्या कल्चरची बाटली तर काही उगवलं नाही तरी सहसा पाच दिवस ठेवतात.

नमुना शक्यतो अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी द्या. दोन गोळ्या पोटात गेल्यावर लघवीत जंतू उगवेलच असं नाही, आणि मग 'नो ग्रोथ' म्हणजे 'काही उगवलं नाही' या रिपोर्टचा अर्थ लावणं डॉक्टरांनाही अवघड जातं. गोळ्या सुरू असतील तर आम्हाला सांगा. आमच्यासाठी त्या परस्पर बंद मात्र करू नका. पहिली धार सोडून मधली लघवी निर्जंतुक डबीत घ्या. घरच्या धुतलेल्या बाटलीतला नमुना आम्ही परत करतो, राग मानू नये. दोन तासांत आणणं जमत नसेल तर डबी फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको.

रुग्ण नुकताच आयसीयूतून आला असेल तर फॉर्मवर जरूर लिहा. हॉस्पिटलात क्लेब्सिएला, अ‍ॅसिनेटोबॅक्टर या जंतूंचे असे प्रकार आढळतात, की मेरोपेनेमसारखं राखीव औषधही त्यांच्यावर चालत नाही.

रिपोर्टमध्ये 'एस' म्हणजे औषध लागू पडण्याची शक्यता चांगली, 'आर' म्हणजे जंतू त्याला दाद देत नाही. शेजारचा एमआयसीचा आकडा (जंतूची वाढ रोखायला लागणारं औषधाचं कमीत कमी प्रमाण) पाहून "सगळ्यात लहान आकडा, तेच जोरदार औषध" असा हिशेब बरेच जण करतात. तो चुकीचा आहे. ई. कोलाय या जंतूसाठी नायट्रोफ्युरँटॉइनसमोरचा १६ 'एस' असतो, तर सिप्रोफ्लॉक्सॅसिनसमोरचा १ 'आर'. प्रत्येक औषधाची मोजपट्टी निराळी.

लघवीची नळी बरेच दिवस असलेल्या रुग्णाच्या कल्चरमध्ये जंतू बहुधा सापडतातच. ताप किंवा इतर त्रास नसेल तर त्यांना सहसा औषध लागत नाही. रिपोर्ट घेऊन थेट मेडिकलमध्ये जाऊ नका, आधी डॉक्टरांना दाखवा. गरोदर बाईच्या लघवीत जंतू निघाले तर मात्र त्रास नसला तरी उपचार करतात. तो रिपोर्ट त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.