दोष बल्बच्या माथी

मे महिन्यातली सकाळ. चावी फिरवली तर गाडीतून नुसता 'टक्' असा आवाज आला, पुढे काही नाही. बॅटरी उतरलेली. समोरच्या काकू फाटकातूनच म्हणाल्या, "तुमचे मागचे लाल लाईट तं रात्रभर सुरूच होते. मला वाटलं, तुम्ही गाडीतच बसून हाय."

वाकून पाहिलं. ब्रेकच्या पेडलखाली मॅटवर बडीशेपेएवढे प्लास्टिकचे चार-पाच तुकडे पडले होते. बोटात धरले की भुगा होत होता. सगळी चोरी त्या भुग्यात होती.

पेडलच्या वर, दांड्याला लागून ब्रेकच्या दिव्याचा एक छोटा स्विच असतो. त्याची दांडी पेडलने दाबून धरलेली असते, तोवर दिवा बंद. पाय पडला, पेडल खाली गेलं की दांडी बाहेर येते आणि आतले संपर्क जुळतात. म्हणजे घरातल्या फ्रिजच्या दारासारखाच प्रकार. पुष्कळ गाड्यांत दांडी टेकते ती पेडलच्या पत्र्यातल्या भोकात बसवलेल्या प्लास्टिकच्या किंवा रबरी टोपीवर. नागपुरात पारा 45 अंशांवर गेला की उन्हात उभ्या बंद गाडीच्या आत 60 अंश सहज होतात. अशा दहा-बारा उन्हाळ्यांत प्लास्टिक ठिसूळ होतं, टोपी फुटते, दांडी भोकातून आरपार जाते. स्विचला वाटतं, ब्रेक दाबलेलाच आहे.

आता हिशेब करा. 21 वॅटचे दोन बल्ब, म्हणजे 42 वॅट. 12 व्होल्टला साडेतीन अँपिअर. 35 अँपिअर-तासांची बॅटरी दहा तासांत रिकामी. रात्री नऊला गाडी लावली होती, सकाळी सातला टक्. इलेक्ट्रिशियनने त्या भोकात छोटा बोल्ट घालून मागून नट आवळला आणि नवी टोपी मिळेपर्यंत गाडी चालती केली.

ही उलटी तऱ्हा झाली. नेहमीची तक्रार म्हणजे दिवा लागतच नाही, आणि मग आपण आधी बल्ब आणायला धावतो. त्याआधी कोणते दिवे लागत नाहीत ते पाहावं. काचेजवळच्या तिसऱ्या दिव्यासकट सगळेच गप्प असतील, तर तिन्ही बल्ब एकाच दिवशी कसे जातील? फ्यूज किंवा पेडलचा स्विच तपासा. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर मोठ्या अँपिअरचा बसवू नका. मग फ्यूजऐवजी वायर जळते. वरचा लागतो पण खालचा एकच लागत नसेल, तर मात्र बल्बवर संशय घ्यायला हरकत नाही. टंगस्टनची तार थंड असताना तिचा विद्युतरोध तापलेल्या तारेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असतो. त्यामुळे लागण्याच्या क्षणी प्रवाहाचा मोठा हिसका बसतो, आणि नागपूरच्या बर्डी बाजारातल्या गर्दीत ब्रेकचा दिवा दिवसात शेकडो वेळा लागतो.

माझ्या डावीकडच्या दिव्याची गंमत वेगळीच. 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, तेव्हा आमची गाडी डिक्कीपर्यंत पाण्यात होती. धुतली, वाळवली, विसरलो. काही महिन्यांनी ब्रेक दाबला की डावा दिवा मंद लागायचा आणि टेल लॅम्प (अंधारात मागे सतत लागणारा लाल दिवा) बंद असूनही मागे लालसर मिणमिणायचं. नवा बल्ब टाकला, तरी तेच.

"बल्ब तं ठीक हाये भाऊ, अर्थ नाही भेटून राहिला त्याले," इलेक्ट्रिशियन म्हणाला.

बल्बपर्यंत वीज एका वायरने येते, पण तिला बॅटरीच्या ऋण टोकाकडे परतही जावं लागतं. ती वाट म्हणजे गाडीची पत्र्याची बॉडी, तिच्याशी असलेल्या जोडालाच 'अर्थ' म्हणतात. होल्डरची काळी वायर जिथे पत्र्याला स्क्रूने आवळलेली असते, तिथे गंज चढला की परतीची वाट बुजते. या बल्बमध्ये दोन तारा असतात, ब्रेकची 21 वॅटची आणि टेल लॅम्पची 5 वॅटची. दोघींचा अर्थ एकच. तो तुटला की ब्रेकचा प्रवाह शेजारच्या टेल लॅम्पच्या तारेतून उलटा शिरतो आणि उजव्या बाजूच्या टेल लॅम्पमधून बॉडी गाठतो. म्हणून ते मिणमिणणं.

व्होल्ट मोजायचा मल्टीमीटर इथे हमखास फसवतो. बल्ब काढून होल्डरवर टोकं लावली तर 12 व्होल्ट स्वच्छ दिसतात, कारण मीटर जवळजवळ प्रवाहच घेत नाही, आणि प्रवाह नसला की गंजात व्होल्टेज पडत नाही. खरी परीक्षा बल्ब जोडून, कुणालातरी ब्रेक दाबायला लावून. मीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर, दुसरं होल्डरच्या अर्थवर. शून्याच्या जवळपास आकडा हवा. माझ्या गाडीत दोन व्होल्ट आले. बल्बला उरले दहा, आणि तापत्या तारेचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण साडेतीनाव्या घाताने घटतो, म्हणजे उजेड जवळपास निम्म्यावर. पॉलिश पेपरने पत्रा चमकेपर्यंत घासला, स्क्रू बदलला, थोडं ग्रीस लावलं. खर्च नगण्य, वेळ गेला तो डिक्कीतलं अस्तर काढण्यात.

एलईडी लावून टाका, असं बरेच जण सुचवतात. त्यात एक मुद्दा खरा आहे: तारेचा बल्ब पूर्ण उजळायला सुमारे 0.2 सेकंद घेतो, एलईडी लगेच लागतो. ताशी 60 किलोमीटर वेगात तेवढ्या वेळात मागची गाडी तीन मीटरहून पुढे येते. पण अर्थ खराब असेल तर एलईडीही लुकलुकणारच.

चालकाला स्वतःचा ब्रेकचा दिवा कधीच दिसत नाही, तेव्हा एकट्याने तपासायचं तर दिवेलागणीला बंद दुकानाच्या शटरसमोर गाडी मागे घ्यायची, पेडल दाबायचं आणि आरशात पाहायचं. शटरवर दोन लाल डाग दिसतात, तिसरा जरा वर. माझा डावा डाग अजूनही उजव्याहून किंचित फिका वाटतो. रविवारी होल्डर पुन्हा उघडायचा आहे.