सात्मीकरण की समायोजन? बदललं काय, ते आधी बघा

‘ओळखीचं ते सात्मीकरण, नवं ते समायोजन’ ही ओळ वहीत असेल तर आत्ताच खोडा. मुलांचा विचार कसा घडतो हे अभ्यासणारे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्या या दोन संज्ञांचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. अनुभव दोन्हीकडे नवाच असतो. प्रश्न एवढाच, की बदलावं कुणाला लागलं? नवा अनुभव मनातल्या जुन्याच साच्यात बसवला, तर सात्मीकरण. त्याच्यासाठी साचाच बदलावा लागला, तर समायोजन.

सात्मीकरण बहुतेकांना येतं. कुत्र्याला ‘भूभू’ म्हणणारं मूल गाय बघून ‘भूभू’ म्हणतं. चार पाय, शेपूट, बसली जुन्या साच्यात. पुढे चला.

अडतं ते यानंतर. आई म्हणते, “ही हम्मा हं.” मूल म्हणतं, “हम्मा.” लगेच उत्तरपत्रिकेत लिहिलं जातं, समायोजन झालं. कशावरून? मुलाने ऐकलेला शब्द परत म्हटला, एवढंच आपल्याला दिसलं. उद्या वेगळ्या रंगाची गाय बघून कुणी न सांगता ‘हम्मा’ आलं आणि बाजूचा कुत्रा मात्र भूभूच राहिला, तर म्हणा समायोजन. तेव्हा एका खणाचे दोन खण झालेले असतात.

मला स्वतःला चमच्याचं उदाहरण जास्त आवडतं, कारण तिथे शब्द आडवे येत नाहीत. फक्त दूध ओढणं माहीत असलेल्या बाळाला पहिल्यांदा चमच्याने भरवा. ते चमचाच चोखायला बघतं, निम्मं हनुवटीवर ओघळतं. हे सात्मीकरण. काही दिवसांनी चमचा दिसताच तोंड उघडतं, वरचा ओठ खाली येऊन चमचा पुसून घेतो. चमचा तोच आहे, बाळाची खाण्याची रीत बदलली. हे समायोजन.

‘मूल नव्या शाळेत रमलं’ हे उदाहरण तर कृपा करून देऊ नका. जुळवून घेणं या अर्थाचं समायोजन वेगळं. मराठीत दोन्हींना एकच शब्द पडला, हे आपलं दुर्दैव. पियाजे मूळचे जीवशास्त्रज्ञ, गोगलगायींचे अभ्यासक. त्यांच्या डोळ्यांसमोर पचन होतं: अन्न शरीराचं होतं, आणि ते पचवायला शरीरालाही बदलावं लागतं.

म्हणून या दोन पायऱ्याही नव्हेत. दोन्ही एकत्रच चालतात, फक्त प्रमाण बदलतं. ठोकळ्याला गाडी समजून ढकलणाऱ्या मुलात सात्मीकरणाचं पारडं जड असतं. आजोबांची नक्कल करत हात मागे बांधून चालणाऱ्यात समायोजनाचं, कारण तिथे ते स्वतःची चाल बदलतं.