'टर्न-ऑन' खरंच अर्ध्यातच बंद पडला होता का?

अमेरिकेतल्या 'टर्न-ऑन' या विनोदी कार्यक्रमाबद्दल वर्षानुवर्षं एक किस्सा फिरतोय: ५ फेब्रुवारी १९६९ ला पहिला भाग चालू असतानाच एबीसी वाहिनीने तो गुंडाळला. हे खरं नाही.

अर्ध्यात तोडला तो क्लीव्हलंडच्या डब्ल्यूईडब्ल्यूएस या एका केंद्राने. तिकडे मूळ वाहिनी कार्यक्रम पाठवते, पण आपापल्या शहरात तो दाखवायचा की नाही हे स्थानिक केंद्र ठरवतं. क्लीव्हलंडवाल्यांनी साधारण अकरा मिनिटं पाहिलं, जाहिराती लागल्या आणि कार्यक्रम परत आलाच नाही. केंद्रप्रमुखांनी एबीसीला तार ठोकली. आशय असा, की तुमच्या वात्रट पोरांना भिंतीवर घाण शब्द लिहायचेच असतील तर आमची भिंत नको! बाकी अनेक शहरांत भाग शेवटपर्यंत दिसला. कार्यक्रम बंद करण्याचा एबीसीचा अधिकृत निर्णय काही दिवसांनी आला.

किस्सा पसरायला त्या भागाचा पाहुणा, विनोदी अभिनेता टिम कॉनवेही कारणीभूत. शुभारंभाची पार्टी संपण्याआधीच कार्यक्रम संपला, असं तो रंगवून सांगायचा.

दोष फक्त चावटपणाला देणंही मला अन्यायाचं वाटतं. निर्माते 'लाफ-इन' या गाजलेल्या विनोदी कार्यक्रमाचेच, पण इथे ना नेपथ्य, ना मागून वाजणारा ध्वनिमुद्रित हशा. कोरी पांढरी पार्श्वभूमी, 'मूग सिंथेसायझर' या इलेक्ट्रॉनिक वाद्याचे चित्रविचित्र आवाज, श्रेयनामावलीसुद्धा भागभर विखुरलेली. घरी बसलेल्या प्रेक्षकाला हसायचं कुठे तेच कळेना. दुसरा भागही तयार होता. तो तेव्हा प्रक्षेपित झालाच नाही.