रोशा तेल

रोशा अथवा तिखाडी या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या सुगंधी गवताच्या फुलोऱ्यापासून व पानांपासून ऊर्ध्वपातनाने मिळणारे बाष्पनशील तेल. गवताचे शास्त्रीय नाव सिंबोपोगॉन मार्टिनाय (कुल ग्रॅमिनी वा पोएसी) असून गवती चहा व सिट्रोनेला ही त्याच सिंबोपोगॉन प्रजातीतील गवते होत. युरोपीय व्यापारात हे तेल पामरोझा म्हणून ओळखले जाते. त्यापूर्वी ते ‘तुर्की जिरॅनियम तेल’ या दिशाभूल करणाऱ्या नावाने विकले जाई. जिरॅनियमशी या गवताचे कोणतेही नाते नाही आणि तुर्कस्तानाशी असलेला संबंध केवळ गिऱ्हाइकाचा होता.

हे बहुवर्षायू गवत माणसाहून उंच वाढते. खानदेश, मेळघाट, निमाड, बैतूल या भागांतील कोरड्या डोंगरउतारांवर ते पूर्वापार आढळते. ‘मार्टिनाय’ हे जातिवाचक नाव क्लॉड मार्टिन या लखनौस्थित फ्रेंच सेनाधिकाऱ्यावरून पडले. टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेत, बहुधा १७९०–९२ च्या युद्धात, ‘बालाघाटात’ गुरे हे गवत आवडीने खातात आणि त्यांच्या दुधालोण्याला व मांसाला त्याचा वास येतो, हे मार्टिनच्या ध्यानात आले व त्याने बी गोळा केले, अशी हकीकत वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांनी नोंदविली आहे. संदर्भ पाहता हा बालाघाट म्हणजे मध्य प्रदेशातील आजचा जिल्हा नसून दक्षिणेतील घाटमाथ्याचा प्रदेश समजणे सयुक्तिक ठरते. अमरकोशात ध्याम, देवजग्ध, रौहिष अशी पर्यायनामे ज्या सुगंधी तृणाला दिली आहेत ते हेच गवत, असे बरेच अभ्यासक मानतात. तथापि या प्रजातीत सुगंधी गवते अनेक असल्याने ती ओळख संभाव्य म्हणणेच इष्ट.

मोतिया आणि सोफिया : रोशाच्या तेलाचे दोन प्रकार बाजारात फार पूर्वीपासून मानले जातात. गुलाबाच्या जवळ जाणाऱ्या वासाचे मोतिया हेच खरे पामरोझा होय. दुसरे, उग्र वासाचे व कमी किमतीचे सोफिया तेल युरोपात जिंजरग्रास या नावाने गेले. हा फरक कशामुळे पडतो, यावर मात्र एकमत नव्हते. खानदेशातील तेल काढणारे कारागीर फुलोरा कोवळा व निळसर पांढरा असताना गवताला मोतिया म्हणत आणि तोच पिकून तांबूस झाला की सोनफिया (म्हणजेच सोफिया) म्हणत, असे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डायमॉक व त्यांच्या सहलेखकांनी ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ या ग्रंथात नमूद केले आहे. म्हणजे कारागिरांच्या मते गवत एकच, अवस्था दोन. वनस्पतिशास्त्रज्ञ स्टाप्फ यांनी १९०६ मध्ये भारतातील व सिलोनमधील तेलगवतांची वर्गवारी लावली, तोपर्यंत या गवताची गल्लत ॲन्ड्रोपोगॉन शिनॅन्थस या निराळ्या जातीशी होत असे. त्यांनी जातीची सीमा निश्चित केली, परंतु वाळविलेल्या नमुन्यांवरून दोन्ही प्रकार वेगळे ओळखता येत नसल्याने मूळ प्रश्न तसाच राहिला. पुढे १९०९ च्या सुमारास वनस्पतिशास्त्रज्ञ बर्किल यांनी मोतिया व सोफिया हे एकाच जातीचे दोन स्वतंत्र प्रकार मानले आणि आजही सामान्यतः तेच मत ग्राह्य धरले जाते.

त्यास दोन गोष्टींचा आधार आहे. एक म्हणजे अधिवास : मोतिया उघड्या, उन्हाच्या, पाण्याचा निचरा होणाऱ्या उतारावर वाढते, तर सोफिया दमट, झाडोऱ्याच्या, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत. दुसरी गोष्ट गुणसूत्रांची : मोतियात त्यांची संख्या २० व सोफियात ४० असल्याचे सामान्यतः सांगितले जाते. शिवाय एकाच शेतात लावल्यावरही दोन्ही गवते आपापलेच तेल देतात, त्यामुळे फरक निव्वळ जमिनीचा म्हणता येत नाही. असे असले तरी खानदेशातील कारागिरांचे निरीक्षण सर्वस्वी चुकीचे होते असे नाही. मोतियाचा फुलोरा उमलत जाताना तेलातील घटकांचे प्रमाण खरोखरच बदलते (त्याचे कारण पुढे दिले आहे). दोन वेगळ्या गोष्टी एका नावाच्या जोडीत बसविल्या गेल्या, एवढाच काय तो घोटाळा दिसतो.

ऊर्ध्वपातन : खानदेशात हा व्यवसाय मूळचा पिंपळनेरचा, तेथे गवत दुर्मिळ झाल्यावर तो नंदुरबार, तळोदे या बाजूस सरकला. पावसाळ्याच्या शेवटी मुसलमान कारागीर भिल्लांकडून गवत विकत घेऊन त्याच्या गंजी रचीत आणि जळण व पाणी मुबलक असेल अशा ओढ्याकाठी भट्टी लावीत. तांब्याच्या किंवा लोखंडी कढईत थोडे पाणी घालून ती चिरलेल्या गवताने काठोकाठ भरीत व तोंडावरचे झाकण कणकेने लिंपीत. झाकणाच्या भोकातून कापड गुंडाळलेली व उडदाचे पीठ थापलेली बांबूची नळी निघे आणि वाहत्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडविलेल्या दुसऱ्या बंद भांड्यात जाई. ते भांडे भरत आले की थरथरू लागे, तेव्हा नळी काढून घेत. थंड झालेल्या द्रवावर तरंगणारे तेल निथळून घेतल्यावर उरलेले पाणी टाकून न देता नव्या गवताबरोबर पुन्हा कढईत घालीत. या रीतीला रासायनिक अर्थ आहे : जिरॅनिऑल हा तेलाचा मुख्य सुगंधी घटक पाण्यात अल्प प्रमाणात विरघळतो आणि पाणी फेकले तर तेलाचा सर्वांत मोलाचा भाग त्याबरोबर जातो. १८७९–८० मध्ये खानदेशात सुमारे दोनशे भट्ट्या चालू असल्याची नोंद आहे. तेल चामडी बुधल्यांत भरून बैलांवर लादून कोंडाईबारी घाटाने सुरतेस, किंवा धुळे–मनमाडमार्गे मुंबईस जाई. आता बंदिस्त पोलादी भांड्यांत बाष्प सोडून तेल काढतात व निघालेला गवताचा चोथा बहुधा जळणासाठी वापरतात.

रासायनिक घटक : मोतिया तेलाचा मुख्य घटक जिरॅनिऑल हे दहा कार्बन अणूंचे अल्कोहॉल असून त्याचे प्रमाण साधारणपणे ७० ते ८५ टक्के असते. त्याखालोखाल जिरॅनिल ॲसिटेट हे एस्टर येते. बाकी लिनॅलूल, बीटा-कॅरिओफायलीन, ओसिमीन, फार्नेसॉल व थोडे जिरॅनियल ही द्रव्ये अल्प प्रमाणात आढळतात. जिरॅनिऑल हे संयुग शुद्ध स्वरूपात प्रथम मिळाले ते याच तेलातून. रसायनशास्त्रज्ञ ऑस्कर याकॉप्सेन यांनी १८७१ मध्ये ते वेगळे केले. निर्जल कॅल्शियम क्लोराइडाबरोबर जिरॅनिऑल स्फटिकरूप संयोग बनवते व पाणी घालताच ते पुन्हा सुटे होते. हा गुणधर्म शुद्धीकरणास पुढेही दीर्घकाळ उपयोगी पडला.

वनस्पतीच्या पेशींत जिरॅनिऑल तयार झाल्यावर त्यातील बराचसा भाग ॲसिटेटाच्या रूपात साठविला जातो. कोवळ्या फुलोऱ्यात म्हणून एस्टराचे प्रमाण जास्त असते. कणिशके उमलू लागली की एस्टरेज एंझाइमांच्या क्रियेने त्याचे विघटन होऊन जिरॅनिऑल वाढते. कापणी फुलोरा आल्यावर पण बी पूर्ण पिकण्याआधी करावी, हा शेतकऱ्यांना दिला जाणारा सल्ला यामुळेच आहे. तेलाचा उताराही फुलोऱ्यात सर्वाधिक, पानांत कमी आणि दांड्यात नगण्य असतो.

सोफिया तेलाची घडण अगदी निराळी आहे. त्यात जिरॅनिऑल दुय्यम असून मेंथाडाइनॉल गटातील वलयी अल्कोहॉले प्रमुख असतात व जोडीला लिमोनीन, कॅर्व्होन आणि पेरिलिल अल्कोहॉल सापडते. दोन्ही प्रकारांचे वेगळेपण बाह्य लक्षणांपेक्षा तेलाच्या वर्णलेखात (घटक वेगळे करून दाखविणाऱ्या आलेखात) अधिक स्पष्ट दिसते, आणि त्यांना रासायनिक वाण म्हणणे अधिक योग्य, असे म्हणणाऱ्यांच्या बाजूने हा पुरावा बराच वजनदार आहे.

जैव क्रियाशीलता : तेलाची सूक्ष्मजीवरोधी क्रिया प्रामुख्याने जिरॅनिऑलामुळे घडते. हे मेदात विरघळणारे अल्कोहॉल पेशीपटलात शिरते व पटलाची अभेद्यता ढासळते; बेकरीत वापरल्या जाणाऱ्या यीस्टवरील प्रयोगांत पेशींमधून पोटॅशियमची आयने बाहेर झिरपताना आढळली आहेत. बाह्य पटलाचे अधिक संरक्षण असलेले ग्रॅम-ऋण जंतू सामान्यतः कमी बळी पडतात. मात्र याच जंतूंबाबत एक वेगळा उपयोग पुढे आला आहे. प्रतिजैविके पेशीबाहेर फेकणारी यंत्रणा जिरॅनिऑल निष्प्रभ करते व निरुपयोगी ठरलेले औषध पुन्हा काही अंशी लागू पडते, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. तेथील जिरॅनिऑल मात्र हेलिक्रिसम या दुसऱ्याच वनस्पतीच्या तेलाच्या अभ्यासातून पुढे आले होते, हे अशा निष्कर्षांचा दाखला देताना अनेकदा सांगायचे राहून जाते.

सूत्रकृमींवरील कृमिनाशक क्रिया, साठवणीतील कडधान्यांच्या भुंग्यांना दूर ठेवण्याची क्षमता आणि डासांना पळवून लावणारा गुण यांवरही काम झाले आहे. डासांवरील भारतीय प्रयोगांत सोफिया तेल वापरले गेले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ते निष्कर्ष मोतियाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. सोफियातील पेरिलिल अल्कोहॉलाची कर्करोगावर अमेरिकेत मानवी चाचण्यांपर्यंत तपासणी झाली, परंतु सुरुवातीच्या अपेक्षा पुऱ्या झाल्या नाहीत. संधिवात व कंबरदुखीवर चोळण्यासाठी हे तेल पूर्वापार वापरात आहे. त्या उपयोगाला पुष्टी देणारा बहुतेक पुरावा प्रयोगशाळेतील किंवा प्राण्यांवरील आहे.

जिरॅनिऑल हा त्वचेवर ॲलर्जी उत्पन्न करू शकणारा घटक म्हणून यूरोपीय संघाच्या यादीत आहे. अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांत ०·००१ टक्क्याहून व धुऊन टाकण्याच्या प्रसाधनांत ०·०१ टक्क्याहून अधिक असल्यास त्याचा उल्लेख वेष्टनावर करावा लागतो. हवेत उघडे राहिल्यास जिरॅनिऑलाचे ऑक्सिडीकरण होऊन अधिक तीव्र ॲलर्जीकारक द्रव्ये बनतात, तेव्हा जुने, अर्धवट भरलेल्या बाटलीतील तेल त्वचेला न लावणे बरे.

व्यापार व भेसळ : मुंबईहून तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानात गेलेले तेल लिंबाच्या रसाने आम्लयुक्त केलेल्या पाण्याशी घुसळून उन्हात ठेवीत. त्याचा रंग व उग्रपणा उतरला की ऊर्ध्वपातनापूर्वी ते गुलाबाच्या पाकळ्यांवर शिंपडीत. गुलाबाच्या अत्तरातही जिरॅनिऑल हा महत्त्वाचा घटक असल्याने ही भेसळ नाकाने पकडणे अवघड होते. उलट खुद्द रोशा तेलातही टर्पेंटाइन व खनिज तेले मिसळली जात. हल्ली मिसळ होते ती कृत्रिम जिरॅनिऑलाची. त्याबरोबर येणारे नेरॉलाचे वाजवीपेक्षा अधिक प्रमाण वर्णलेखात उघडे पडते.

रानातील गवताची जागा आता बरीचशी लागवडीने घेतली आहे. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने तृष्णा, तृप्ता, पीआरसी-१, वैष्णवी असे वाण दिले असून ते मोतिया प्रकारातील आहेत. आंतरराष्ट्रीय मानक ४७२७ देखील मोतिया तेलापुरतेच लागू आहे.