घोड्याच्या पाठीवरची सुई खरंच किती जुनी?

घोड्यांवरच्या ॲक्युपंक्चरबद्दल कुठेही वाचायला घ्या, "तीन हजार वर्षांची चिनी परंपरा" हे शब्द पहिल्या दोन ओळींत भेटतातच. चीनमधलं अश्ववैद्यक जुनं आहे आणि थोर आहे, यात वाद नाही. पण आज घोड्याच्या पाठीत टोचतात ती बारीक सुई त्या जुन्या वैद्यकातून सरळ चालत आलेली नाही.

या परंपरेचा मूळपुरुष म्हणून बो ले याचं नाव घेतात. इ.स.पू. 7व्या शतकात छिन राज्याच्या अधिपती मू याच्याकडे तो घोडे पारखायचा. ताइहांग डोंगराच्या चढावर मिठाची गाडी ओढणारं एक थकलेलं जातिवंत जनावर पाहून तो रडला, आपलं वस्त्र काढून त्याने त्याच्या अंगावर घातलं, अशी त्याची कथा आहे. कथेत सुई कुठेच नाही. सुईवरचा ग्रंथ पुढे त्याच्या नावावर जमा झाला, जसं आपल्याकडे अश्वशास्त्र नकुलाच्या नावावर आहे. हा मजकूर आपल्याला भेटतो तो थांग काळात, म्हणजे 9व्या शतकाच्या सुमाराला ली शी याने संकलित केलेल्या अश्ववैद्यकाच्या ग्रंथातून.

सगळ्यात गाजलेला ग्रंथ 1608 सालचा. यू बेनयुआन आणि यू बेनहेंग या दोन भावांनी तो लिहिला, आणि त्याच्या शीर्षकातही त्यांचीच नावं गुंफलेली आहेत: 'युआन हेंग लिआओ मा जी'. खरी मेख एका शब्दात आहे. चिनी 'चेन' म्हणजे सुई, पण घोड्याच्या वैद्याची सुई म्हणजे बऱ्याचदा रुंद पात्याचं नस्तर. त्याने मानेची शीर उघडून रक्त काढायचे. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखालून जाणाऱ्या शिरेवर 'सानजियांग' नावाची जागा आहे. पोटशूळ झाला की तिथे टोचून रक्त वाहू देत. काही सुया तापवून खुपसत. आपल्या जुन्या अश्ववैद्यांचा शिरावेध आणि डाग देणं याच्या फार जवळचं हे काम आहे.

1956 मध्ये चिनी सरकारने गावोगावच्या पारंपरिक पशुवैद्यांना अधिकृत आधार दिला आणि या विद्येला नवं बळ आलं. पश्चिमेत लाट आली ती 1971 नंतर. त्या जुलैमध्ये अमेरिकी पत्रकार जेम्स रेस्टन यांच्यावर बीजिंगमध्ये अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली आणि नंतरच्या त्रासावर सुया टोचल्या गेल्या. त्यांनी ते वृत्तपत्रात लिहिलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन चीनला गेले. 1974 च्या सुमाराला अमेरिकेत पशुवैद्यकीय ॲक्युपंक्चरची आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली.

याच काळात माणसाच्या शरीरावर सुईच्या जागा जोडणाऱ्या ज्या रेषा मानतात, त्या घोड्याच्या चित्रावर उतरवल्या गेल्या. जुन्या ग्रंथांत जागा सुट्या, नावानिशी दिलेल्या होत्या. नव्या तक्त्यांत त्या माणसाच्या क्रमाने जोडल्या गेल्या. माणसाच्या पाच बोटांच्या टोकांवरच्या जागा घोड्याच्या एकाच खुराभोवती बसवाव्या लागल्या. पित्ताशयाची रेषाही आखली गेली, आणि घोड्याला पित्ताशयच नसतं!

म्हणून सगळं खोटं, असं मी म्हणणार नाही. अनुभवी पशुवैद्य कण्याच्या कडेने बोट दाबत जातो तेव्हा एका ठिकाणी कातडी थरथरते, घोडा पाठ खाली घेतो. ते दुखणं खरं असतं. 2002 च्या एका प्रयोगात विजेच्या सौम्य प्रवाहासह सुया लावल्यावर घोड्यांच्या मेरुद्रवात, म्हणजे कण्यातल्या द्रवात, बीटा-एंडॉर्फिन हे शरीराचं स्वतःचं वेदनाशामक द्रव्य वाढलेलं दिसलं. 2005 मध्ये जुनाट पाठदुखीच्या घोड्यांना अशाच उपचाराने आराम पडल्याचं नोंदवलं गेलं. पण 2006 च्या आढाव्याने प्राण्यांवरचे सगळे अभ्यास तपासले आणि शिफारस करावी किंवा फेटाळावं, दोन्हीसाठी पुरावा अपुरा ठरवला.

पाठदुखीवर सुई लावून आठवडाभर वाट पाहता येते. मला काळजी वाटते ती पोटशूळाची, कारण "तीन हजार वर्षं" या तीन शब्दांवर विसंबून तिथेही वाट पाहिली जाऊ शकते. आतड्याला पीळ पडलेला घोडा काही तासांत हाताबाहेर जातो.